वाचकांचे प्रश्न: एफटीपी सर्व्हरची सेटिंग बदलली, पण लागू झाली का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी फाइल पाठवण्या-घेण्याच्या, म्हणजे एफटीपी, सर्व्हरबद्दल आहेत. सर्व्हर वेगवेगळे असले तरी बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे: सेटिंग फाइलमध्ये लिहिली गेली आहे, पण चालू असलेल्या प्रोग्रामने ती वाचलेली नाही, किंवा अर्धीच वाचली आहे. म्हणून प्रत्येक उत्तरात ती फाइल कोण वाचतो, कधी वाचतो आणि आधीच जोडल्या गेलेल्या माणसाचे काय होते, हे आधी पाहिले आहे.

कमांड, फाइलींची नावे आणि सेटिंग इथे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत घ्यावीत. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: उबुंटू लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर आहे. विद्यार्थ्यांना फाइली चढवता याव्यात म्हणून ‘राइट_एनेबल=येस’ केले. फाइल विंडोजवर दुरुस्त करून सर्व्हरवर परत टाकली आणि ‘सिस्टमसीटीएल रीलोड व्हीएसएफटीपीडी’ दिले. कुठलीही चूक दाखवली नाही, पण आता कोणालाच लॉगिन होत नाही. ‘५३० धिस एफटीपी सर्व्हर इज अनॉनिमस ओन्ली’ एवढेच उत्तर येते. (संगणक प्रयोगशाळा सहायक, सांगली)

आधी ‘सिस्टमसीटीएल स्टॉप व्हीएसएफटीपीडी’ देऊन सर्व्हर बंद करा, मग पुढचे वाचा. तुमचा सर्व्हर या क्षणी ओळख नसलेल्या कोणालाही आत घेण्याच्या स्थितीत आहे.

घडले ते असे. रीलोड म्हणजे चालू प्रोग्रामला ‘एचयूपी’ हा सिग्नल पाठवणे. तो मिळाला की व्हीएसएफटीपीडी आधी सगळ्या सेटिंग आपल्या मूळ किमतींवर आणतो आणि मग फाइल ओळीने वाचतो. या वाचनात एखादी ओळ समजली नाही तर तो थांबत नाही, तक्रारही करत नाही. ती ओळ सोडून पुढे जातो. चालू सेवा एका चुकीच्या अक्षरामुळे कोसळू नये, असा त्यामागचा हेतू आहे. पण सोडलेल्या ओळीची सेटिंग मूळ किमतीवरच राहते, आणि मूळ किमती अशा आहेत: ‘अनॉनिमस_एनेबल’ येस, ‘लोकल_एनेबल’ नो, ‘राइट_एनेबल’ नो. तुम्हाला आलेला ५३० क्रमांकाचा संदेश ‘लोकल_एनेबल’ नो झाल्याची खूण आहे.

ओळी समजल्या का नाहीत? विंडोजवरचे अनेक एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर ठेवतात, ते डोळ्यांना दिसत नाही. सर्व्हरला ‘येस’ दिसत नाही, ‘येस आणि आणखी काहीतरी’ दिसते, आणि अशी किंमत त्याला माहीत नाही. ‘कॅट -ए /ईटीसी/व्हीएसएफटीपीडी.कॉन्फ’ देऊन पाहा (इथे ए मोठा). ओळीच्या शेवटी नुसते डॉलरचे चिन्ह हवे. डॉलरच्या आधी टोपीचे चिन्ह आणि मोठा एम दिसला तर जादा अक्षर आहे; ‘डॉस२युनिक्स’ने ते निघते. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही हाच घोळ करते. काही वितरणांच्या पॅकेजमध्ये ती आपोआप छाटली जाते, पण सगळीकडे नाही. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडणे तर या फाइलीत चूकच धरले जाते.

व्हीएसएफटीपीडीला फाइल तपासून देणारी वेगळी कमांड नाही. त्याऐवजी दुसऱ्या पोर्टवर तोच सर्व्हर हाताने चालवून पाहा:

सुडो व्हीएसएफटीपीडी /ईटीसी/व्हीएसएफटीपीडी.कॉन्फ -ओलिसन_पोर्ट=२१२१

फाइलीचे नाव आधी आणि ‘-ओ’ नंतर, हा क्रम पाळा. दिलेल्या गोष्टी डावीकडून उजवीकडे वाचल्या जातात, म्हणून नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीवर मात करते. ‘-ओ’ला चिकटूनच सेटिंगचे नाव येते, मध्ये जागा नाही. सुरुवातीच्या वाचनात हा सर्व्हर मुळीच सूट देत नाही. चूक असेल तर ‘५०० ऊप्स: बॅड बूल व्हॅल्यू इन कॉन्फिग फाइल फॉर: राइट_एनेबल’ असे सेटिंगचे नाव घेऊन सांगतो आणि बंद पडतो. कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर फाइल वाचली गेली. मग दुसऱ्या खिडकीतून २१२१ वर एकदा लॉगिन करून पाहा, कारण काही चुका लॉगिनच्या वेळीच वर येतात. समाधान झाले की कंट्रोल-सी.

त्याच तपासणीत आणखी दोन संदेश भेटू शकतात. ‘कॉन्फिग फाइल नॉट ओन्ड बाय करेक्ट युजर’ म्हणजे फाइल परत टाकताना तिची मालकी तुमच्या नावावर गेली. ती रूट या मुख्य व्यवस्थापक खात्याची करा. ‘रन टू कॉपीज ऑफ व्हीएसएफटीपीडी फॉर आयपीव्ही४ अँड आयपीव्ही६’ म्हणजे ‘लिसन’ आणि ‘लिसन_आयपीव्ही६’ दोन्ही येस आहेत, एकच ठेवा.

लॉगिनच्या वेळी येणारी चूक बहुधा ही असते: ‘रिफ्यूझिंग टू रन विथ रायटेबल रूट इनसाइड क्रूट’. विद्यार्थ्याला त्याच्या फोल्डरातच कोंडले आहे आणि त्या फोल्डरावर लिहिण्याची परवानगीही त्यालाच आहे, असा त्याचा अर्थ. ‘अलाउ_रायटेबल_क्रूट=येस’ लिहून ही तक्रार गप्प करता येते. आमचा सल्ला वेगळा आहे: वरच्या फोल्डरावरची लिहिण्याची परवानगी काढा आणि आत ‘अपलोड’ नावाचा फोल्डर करून त्याची मालकी विद्यार्थ्याला द्या. काम पाच मिनिटांचेच आहे आणि सुरक्षेची भिंत शाबूत राहते.

फाइल नीट झाल्यावर पहिल्या वेळी रीलोड न करता रीस्टार्ट करा. लॅब सुटल्यावर केलात तर कोणाचे काम तुटणार नाही, आणि चूक उरलीच असेल तर सर्व्हर सुरूच होणार नाही. नेमकी चूक कोणती, ते वरच्यासारखे हाताने चालवून पाहा.

प्रश्न: आमच्या छापखान्यात प्रोएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर आहे. गिऱ्हाइके संध्याकाळी पानांच्या पीडीएफ पाठवतात. एका ग्राहकाचा फोल्डर जोडण्यासाठी रीस्टार्ट केले आणि चालू असलेली सगळी अपलोड तुटली. शिवाय अर्धवट फाइली तशाच पुढे छपाईच्या प्लेट बनवणाऱ्या यंत्राला गेल्या. भर कामात बदल लागू कसा करायचा? (यंत्रणा सांभाळणारे वाचक, कोल्हापूर)

रीस्टार्टची गरजच नव्हती. प्रोएफटीपीडी स्वतंत्र चालत असेल, म्हणजे ‘सर्व्हरटाइप स्टँडअलोन’, तर मुख्य प्रोग्राम फक्त दार सांभाळतो आणि आलेल्या प्रत्येक माणसासाठी आपली एक प्रत वेगळी काढतो. त्या प्रतीजवळ तिच्या जन्माच्या वेळची सेटिंग असते. एचयूपी सिग्नल मुख्य प्रोग्रामला दिला की तो फाइल पुन्हा वाचतो. आधीच्या प्रती आपापले काम जुन्या सेटिंगवर पुरे करतात आणि नवा येणारा नव्या सेटिंगवर येतो. सिस्टमडीवर (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) रीस्टार्ट म्हणजे मात्र त्या सेवेखालच्या सगळ्या प्रती एकदम बंद. तुमची अपलोड त्यातच गेली.

पण इथे व्हीएसएफटीपीडीच्या उलट स्वभाव लक्षात ठेवा. एचयूपीनंतर फाइलीत चूक सापडली तर प्रोएफटीपीडी ती ओळ सोडून पुढे जात नाही, मुख्य प्रोग्रामच बंद पडतो. मग नवे कोणी आत येऊ शकत नाही, आणि हे कळते ते पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर. म्हणून क्रम ठरलेला असू द्या. आधी जुन्या फाइलीची तारखेसह प्रत, ‘सीपी -पी’ने. मग बदल. मग ‘प्रोएफटीपीडी -टी’. ‘सिंटॅक्स चेक कम्प्लीट’ हे शब्द दिसल्यावरच ‘सिस्टमसीटीएल रीलोड प्रोएफटीपीडी’. आणि शेवटी ‘एसएस -एलटीएनपी’ देऊन पोर्ट २१ वर प्रोग्राम बसलेला आहे ना, ते पाहायचे.

‘-टी’ फक्त व्याकरण तपासते. फोल्डरचा मार्ग चुकीचा लिहिला, किंवा ‘लिमिट’च्या चौकटीत ‘डिनायऑल’ भलत्याच जागी पडले, तर ते तिला कळत नाही. त्या ग्राहकाच्या नावाने एकदा लॉगिन करून एक फाइल चढवणे आणि उतरवणे एवढाच त्यावर उपाय.

सर्व्हर खरोखरच बंद करावा लागणार असेल, उदाहरणार्थ नवी आवृत्ती बसवायची आहे, तर ‘एफटीपीशट’ वापरा. ‘एफटीपीशट -एल २० -डी ५ २२३०’ आणि पुढे अवतरणांत संदेश, असे दिले की साडेदहाच्या वीस मिनिटे आधीपासून नवे लॉगिन नाकारले जाते आणि पाच मिनिटे आधी उरलेल्यांना तोडले जाते. आकडे दिले नाहीत तर दहा आणि पाच धरले जातात. ही कमांड ‘शटएमएसजी’ नावाची एक छोटी फाइल करून ठेवते, एवढेच. प्रोग्राम बंद करणे तुमच्या हातात. काम झाल्यावर ‘एफटीपीशट -आर’ (आर मोठा) विसरलात तर सर्व्हर चालू असूनही सगळ्यांना नकार देत बसेल. कोण आत आहे, कोणाचे किती झाले, हे ‘एफटीपीहू’ आणि ‘एफटीपीटॉप’ दाखवतात.

आता अर्धवट फाइली. हा प्रश्न रीस्टार्टपुरता नाही. ग्राहकाकडची वीज गेली तरी हेच होईल. ‘हिडनस्टोअर्स ऑन’ लावा. मग येणारी फाइल आधी ‘डॉट-इन-डॉट’ने सुरू होणाऱ्या लपलेल्या नावाने साठते आणि शेवटचा बाइट आल्यावरच तिला खरे नाव मिळते. प्लेटच्या यंत्राला जोडलेला फोल्डर पाहणारा प्रोग्राम अर्धी फाइल उचलूच शकत नाही. याची एक किंमत आहे: तुटलेले अपलोड जिथे थांबले तिथून पुढे चालू करता येत नाही, पहिल्यापासून पाठवावे लागते. पुस्तकाच्या मोठ्या फाइली संथ जोडणीवरून येत असतील तर हे ग्राहकाला आधी सांगा. छापखान्यासाठी आम्ही तरी हीच बाजू घेऊ: उशिरा आलेली पूर्ण फाइल परवडते, वेळेवर आलेली अर्धी नाही.

प्रश्न: ऑफिसच्या आत एफटीपी उत्तम चालते. बाहेरून लॉगिन होते, पण फाइलींची यादी येत नाही, तसेच लटकून राहते. राउटरवर २१ आणि ३००००–३०१०० उघडले आहे. व्हीएसएफटीपीडीच्या फाइलीतही तीच मर्यादा घालून रीलोड केले. ‘२२७ एंटरिंग पॅसिव्ह मोड (१९२,१६८,१,१०,१५६,८०)’ यानंतर काही नाही. (लेखापाल कार्यालय, फोंडा, गोवा)

तुम्ही ती ओळ पाठवलीत हे फार बरे केले. सगळे उत्तर तिच्यातच आहे.

कंसातले पहिले चार आकडे म्हणजे पत्ता, शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. पोर्ट काढायचे तर पाचव्या आकड्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा: १५६ गुणिले २५६ म्हणजे ३९,९३६, अधिक ८०, म्हणजे ४०,०१६. तुम्ही मर्यादा दिली ३०,००० ते ३०,१००, आणि सर्व्हर देतो आहे ४०,०१६. म्हणजे तुमची सेटिंग लागूच झालेली नाही. ‘पीएएसव्ही_मिन_पोर्ट’ आणि ‘पीएएसव्ही_मॅक्स_पोर्ट’ या ओळी नीट पाहा. बरोबरच्या चिन्हाशेजारी जागा आहे का, नावात एखादे अक्षर सुटले आहे का. सांगलीच्या वाचकांना वर सांगितलेले कारण इथेही लागू आहे: रीलोडच्या वेळी न समजलेली ओळ सर्व्हर मुकाट सोडून देतो. २१२१ पोर्टवर चालवून पाहिलेत तर ‘अनरेकग्नाइझ्ड व्हेरिएबल’ म्हणून चुकीच्या नावावर बोट ठेवेल. सेटिंग लागू झाली की पाचवा आकडा ११७ दिसायला हवा. ११७ गुणिले २५६ म्हणजे २९,९५२, तेव्हा तुमच्या मर्यादेत सहावा आकडा ४८ ते १४८ यांमधलाच येईल.

दुसरी गोष्ट पहिल्या चार आकड्यांत आहे. १९२.१६८.१.१० हा ऑफिसातल्या आतला पत्ता. बाहेरच्या माणसाला तो देऊन उपयोग नाही. ‘पीएएसव्ही_ॲड्रेस=’ पुढे राउटरचा बाहेरचा पत्ता आकड्यांत लिहा. पत्त्याऐवजी नाव लिहायचे असेल तर सोबत ‘पीएएसव्ही_ॲडर_रिझॉल्व्ह=येस’ लागते; पण त्या नावाचा पत्ता सुरुवातीलाच शोधला जातो, म्हणून बाहेरचा पत्ता बदलला की सर्व्हरही पुन्हा सुरू करावा लागतो. फाइलझिलासारखे काही क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारे प्रोग्राम, आतला पत्ता आला की शहाणपणाने सर्व्हरचाच पत्ता धरतात, आणि मग ‘माझ्याकडे चालते, तुमच्याकडे का नाही’ असे वाद होतात. त्यांच्यावर विसंबू नका.

तिसरी गोष्ट यंत्राच्या स्वतःच्या फायरवॉलची. राउटरवर उघडले म्हणजे लिनक्सवर उघडले असे नाही. ‘फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --ॲड-पोर्ट=३००००-३०१००/टीसीपी’ आणि त्यानंतर ‘फायरवॉल-सीएमडी --रीलोड’. इथेही तोच धडा: ‘पर्मनंट’ने नियम फक्त लिहून ठेवला जातो, रीलोडनंतर तो लागू होतो. उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू अलाउ ३००००:३०१००/टीसीपी’. तिथे मर्यादेच्या मध्ये विसर्गासारखे चिन्ह, आडवी रेघ नाही.

मर्यादा ३०,००० च्या आसपास निवडलीत ते योग्यच. लिनक्स स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी सर्वसाधारणपणे ३२,७६८ ते ६०,९९९ ही पोर्ट वापरतो. त्याच्या खाली राहिलात तर टक्कर होत नाही. १०१ पोर्ट लहान कार्यालयाला पुरतात. एकाच वेळी हजारो बारीक फाइली पाठवणारे असतील तर वाढवा, कारण प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक यादीला नवे पोर्ट लागते, आणि वापरलेले पोर्ट थोडा वेळ अडकून राहते.

हा सगळा खटाटोप का, तर एफटीपीत बोलणे एका जोडणीवर आणि फाइल दुसऱ्या जोडणीवर. या प्रणालीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या नियमांचे क्रमांकित टिपण), एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला. ते आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. आज आपण वापरतो तो आरएफसी ९५९ ऑक्टोबर १९८५ चा. घरोघरी राउटर आणि त्यामागे लपलेले पत्ते ही कल्पना तेव्हा नव्हतीच. १९९८ च्या आरएफसी २४२८ मधील ‘ईपीएसव्ही’ या कमांडला सर्व्हर फक्त पोर्ट सांगतो, पत्ता सांगतच नाही, म्हणून तुमची दुसरी अडचण तिच्यात उद्भवत नाही. क्लायंटमध्ये सोय असेल तर ती वापरा.

एवढे करूनही बाहेरून काहीच पोहोचत नसेल तर राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता पाहा. तो १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमध्ये असेल, तर तुमच्या ब्रॉडबँड कंपनीने तुम्हाला अनेकांत वाटलेला पत्ता दिला आहे. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा, ते बाहेर दिसणार नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता घ्यावा लागेल.

प्रश्न: सुरक्षेसाठी एफटीपी सोडून एसएफटीपी (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवणे) घेतले. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’च्या शेवटी ग्राहकांच्या गटासाठी ‘मॅच ग्रुप’ लिहिले. नंतर एकदा फाइलीच्या शेवटी ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ जोडले, तरी आमच्या कर्मचाऱ्यांना पासवर्डने आत जाता येते. आणि ग्राहक लॉगिन करताच बाहेर फेकले जातात. (सॉफ्टवेअर सेवा पुरवणारे वाचक, पुणे)

दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली: ‘मॅच’ने सुरू झालेला भाग पुढचा ‘मॅच’ येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो. ओळी आत सरकवून लिहिल्याने काही ठरत नाही. तुम्ही शेवटी जोडलेली ओळ त्या ग्राहक गटाच्या चौकटीत जाऊन पडली, म्हणून ती फक्त ग्राहकांनाच लागू झाली. सगळ्यांसाठीची सेटिंग पहिल्या ‘मॅच’च्या वर हवी. शिवाय या फाइलीत एकाच सेटिंगच्या दोन ओळी असल्या तर पहिली चालते, शेवटची नाही. डेबियन-उबुंटूवर फाइलीच्या अगदी वरच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरातल्या फाइली ओढणारी ‘इन्क्लूड’ ओळ असते. त्या फोल्डरात, विशेषतः भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर, ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ आधीच लिहिलेले सापडते. तसे असेल तर खाली काहीही लिहा, वरचेच चालणार.

अंदाज बांधत बसू नका, सर्व्हरलाच विचारा. ‘एसएसएचडी -टी’ (लहान टी) फाइल तपासते. ‘एसएसएचडी -टी’ (मोठा टी) सगळ्या सेटिंग शेवटी काय ठरल्या ते छापते. मोठ्या टीसोबत ‘-सी’ (मोठा) देऊन वापरकर्ता, यंत्राचे नाव आणि पत्ता सांगितला की त्या माणसासाठी कोणती ‘मॅच’ चौकट लागू होईल तेही कळते. आधी एका कर्मचाऱ्याचे नाव घालून आणि मग एका ग्राहकाचे, असे दोनदा चालवा.

दुसरी चूक, ग्राहक बाहेर फेकले जाण्याची. लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी’ असे असेल. ‘क्रूटडिरेक्टरी’मध्ये दिलेला फोल्डर आणि त्याच्या वरचा प्रत्येक फोल्डर, अगदी मुळापर्यंत, रूटच्या मालकीचा हवा आणि गटाला किंवा इतरांना त्यावर लिहिता येता कामा नये. ‘/एसआरव्ही/एसएफटीपी/ग्राहक’ असा मार्ग असेल तर तिन्ही पायऱ्यांवर परवानगी ७५५ (लिहिणे फक्त मालकाला) आणि मालक रूट. ग्राहकाला लिहिण्यासाठी आत वेगळा फोल्डर, त्याच्या नावावर. चौकटीत ‘फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी’ आणि ‘अलाउटीसीपीफॉरवर्डिंग नो’ हेही असू द्या. पहिल्याने शेल, म्हणजे कमांड चालवण्याची सोय, मिळत नाही, दुसऱ्याने तुमच्या यंत्रातून आतल्या जाळ्यात बोगदा काढता येत नाही.

लागू करताना एक जोखीम जास्त आहे. एफटीपीची सेटिंग बिघडली तर फाइली थांबतात. एसएसएचची बिघडली तर यंत्रात शिरायचा तुमचा स्वतःचा रस्ता बंद होतो. म्हणून रूटची एक खिडकी उघडी ठेवा, रीलोड करा आणि दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहा. चालू जोडणी जुन्या सेटिंगवर टिकून राहते, त्यामुळे पहिली खिडकी तुमचा परतीचा दोर आहे. दूरच्या यंत्रावर काम असेल तर आधी ‘ॲट’ने दहा मिनिटांनंतरची नेमणूक करून ठेवा: जुनी फाइल परत ठेवणे आणि रीलोड. सगळे ठीक झाले की ‘एटीआरएम’ने ती रद्द करा.

पोर्ट बदलले असेल तर आणखी एक. उबुंटूच्या २२.१० पासूनच्या आवृत्त्यांवर दारात एसएसएचडी नसतो. सिस्टमडी स्वतः ‘एसएसएच.सॉकेट’ धरून बसलेला असतो. तिथे पोर्ट बदलल्यावर ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि मग ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट’ लागते. नुसत्या रीलोडने जुनेच पोर्ट चालू राहील.

प्रश्न: जुन्या सोलारिस १० आणि एआयएक्स यंत्रांवर एफटीपी आहे. ‘आयनेटडी.कॉन्फ’ बदलून काहीच होत नाही. (एका कारखान्याचा संगणक विभाग, नाशिक)

या यंत्रांवर एफटीपीचा प्रोग्राम सतत चालत नसतो. दारात आयनेटडी बसतो आणि कोणी आले की एफटीपीला हाक मारतो. म्हणून एफटीपीच्या स्वतःच्या फाइलींत, सोलारिस १० वर ‘/ईटीसी/एफटीपीडी/एफटीपीॲक्सेस’ किंवा एआयएक्सवर ‘/ईटीसी/एफटीपीॲक्सेस.सीटीएल’ यांत केलेला बदल पुढच्या लॉगिनपासून आपोआप लागतो. काही रीस्टार्ट करायचे नाही. प्रश्न फक्त आयनेटडीच्या नोंदीचा.

एआयएक्सवर ‘आयनेटडी.कॉन्फ’ बदलल्यावर ‘रीफ्रेश -एस आयनेटडी’. एचपी-यूएक्सवर हेच काम ‘आयनेटडी -सी’ करते. सोलारिस १० पासून मात्र नोंदी एसएमएफ या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या साठ्यात गेल्या आणि ती जुनी फाइल थेट वाचलीच जात नाही. ‘आयनेटएडीएम -एल नेटवर्क/एफटीपी’ने सध्याची नोंद पाहा आणि ‘आयनेटएडीएम -एम’ने बदला. सोलारिस ११ वर गेलात तर तिथे प्रोएफटीपीडी आहे, म्हणजे सेटिंग ‘/ईटीसी/प्रोएफटीपीडी.कॉन्फ’मध्ये, कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेली ‘-टी’ची सवय तिथेही ठेवा.

प्रश्न: प्युअर-एफटीपीडीत नवा वापरकर्ता जोडला, पण लॉगिन होत नाही. रीस्टार्ट करूनही नाही. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

‘प्युअर-पीडब्ल्यू युजरॲड’ने नाव साध्या मजकुराच्या फाइलीत जाते. सर्व्हर ती पाहत नाही, तो तिच्यापासून बनवलेली ‘पीडीबी’ फाइल पाहतो. ‘प्युअर-पीडब्ल्यू एमकेडीबी’ द्या. रीस्टार्ट लागत नाही. पुढच्या वेळी युजरॲडलाच ‘-एम’ जोडा म्हणजे दोन्ही एकदम होईल. डेबियनवर बाकीच्या सेटिंगसाठी ‘/ईटीसी/प्युअर-एफटीपीडी/कॉन्फ’मध्ये प्रत्येक सेटिंगची वेगळी फाइल असते, आत फक्त किंमत. त्या मात्र सुरू होतानाच वाचल्या जातात, म्हणून त्यांच्यासाठी रीस्टार्ट हवाच.

प्रश्न: लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र नवे झाले, तरी प्रोएफटीपीडीला जोडणाऱ्यांना ‘मुदत संपली’ असेच दिसते. (वाचक, ठाणे)

डिस्कवर प्रमाणपत्र नवे आहे, प्रोग्रामच्या स्मरणात जुने. ‘/ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय’ या फोल्डरात एक छोटी स्क्रिप्ट ठेवा, तिच्यात प्रोएफटीपीडीची ‘-टी’ तपासणी आणि ती पार पडली तरच रीलोड. स्क्रिप्टला चालण्याची परवानगी द्यायला विसरू नका. परवानगी नसलेली फाइल सर्टबॉट, म्हणजे प्रमाणपत्र नवे करणारा प्रोग्राम, वगळतो.

खात्री करताना प्रमाणपत्राची फाइल उघडून तारीख पाहू नका, चालू सर्व्हरकडून मागून घ्या: ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट’, पुढे यंत्राचे नाव आणि २१ पोर्ट, मग ‘-स्टार्टटीएलएस एफटीपी’. जे छापून येते तेच तुमच्या ग्राहकाला दिसते आहे. त्यात मधल्या संस्थेचे प्रमाणपत्र दिसत नसेल तर सेटिंगमध्ये ‘सर्ट.पेम’ऐवजी ‘फुलचेन.पेम’ द्यायचे राहिले आहे. ते बदला आणि पुन्हा रीलोड करा.